सीमेवरचा सामाईक मे महिना

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की हिंडलगा, सुळगा ही गावे मागे पडतात आणि दहा-बारा किलोमीटरांवर उचगावचा फाटा येतो. तसेच पुढे गेले तर बाची लागते, आणि बाचीची शेवटची घरे संपतात न संपतात तोच शिनोळी येते. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. दोहोंच्या मध्ये घाट नाही की खाडी नाही. शेताचे बांध आहेत आणि काजूची झाडे आहेत. सोयरिकी जमवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या रेषेची फारशी दखल कधी घेतली नाही. उचगावची लेक तुडयेला द्यावी, देवरवाडीची उचगावात करून आणावी, हे पूर्वी होते तसेच पुढेही चालत राहिले. माझे माहेर उचगावचे आणि माझी थोरली बहीण पलीकडे चंदगड तालुक्यात दिलेली, यात आमच्या भागातल्या कोणालाही नवल वाटणार नाही.

शाळेच्या वेळापत्रकाने मात्र त्या रेषेची दखल घेतली. गेली कित्येक वर्षे शिरस्ता असा आहे की, कर्नाटकातल्या शाळांना १० एप्रिलच्या सुमारास उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि मेअखेरीस किंवा १ जूनला घंटा पुन्हा वाजते. महाराष्ट्रात परीक्षा एप्रिल सरत येईपर्यंत चालतात, निकाल १ मेच्या आसपास हाती पडतो आणि शाळा उघडते ती जूनच्या मध्यावर. उचगावच्या मराठी शाळेत शिकणारे मूल मराठीच शिकत असले, तरी त्याची सुट्टी बंगळूरहून ठरते. तीन-चार कोसांवरच्या त्याच्या मावसभावाची पुण्याहून. दोघांच्या सुट्ट्या सहा-सात आठवड्यांच्या, पण एकमेकींवर पडतात त्या जेमतेम चार आठवडे. रविवार मोजले तर चार, एखाद्या वर्षी पाच.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. त्या दिवशी चंदगड तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. मुंबई राज्यातून १९६० साली महाराष्ट्र झाला. म्हैसूरचे १९७३ साली कर्नाटक झाले. या सीमेविषयी आयोग नेमले गेले, आंदोलने झाली, न्यायालयात दावे गेले. त्याची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. पण राज्यांच्या फेररचनेचा हिशेब मांडताना मावसभावंडांच्या वाट्याचे रविवार कोणी मोजले नाहीत, हे मला नेहमी जाणवत आले आहे.

एप्रिल हा म्हणून उचगावच्या मुलांचा एकट्याचा महिना. बेळगावची हवा थंड असा लौकिक असला, तरी त्या दिवसांत पारा पस्तीस-छत्तिसांपर्यंत जातोच. दुपारी मोठ्यांचा डोळा लागला की मुले विहिरीवर. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून चुलत्याने पाण्यात ढकलून द्यायचे, आणि वर येऊन रडायच्या आत पुन्हा ढकलायचे. पोहायला शिकवण्याची आमच्याकडे हीच रीत होती. कोणी काजूच्या बिया भाजून तोंडे काळी करून घेई, कोणी करवंदांसाठी माळ धुंडाळी. घरातल्या बायकांना मात्र या सुट्टीचा स्पर्श नसे. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची उन्हात वाळत पडलेली, वर्षाचे तिखट कांडायचे, शेवया वळायच्या, सांडगे घालायचे. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, अशा दहा-बारा जणी सोप्यावर जमत. या जमण्याचे आता मोठ्या हळवेपणाने वर्णन करतात. त्यात हसणे-खिदळणे होते हे खरे. पण कमरा दुखत, हातांची आग होई, हेही खरे. शेवया दुकानात मिळू लागल्या याचे दुःख मी करणार नाही. दुःख इतकेच की, त्या निमित्ताने शेजारीण जी घरात येई, तिला यायला दुसरे निमित्त उरले नाही.

मे उजाडला की घराचे रूप पालटे. शिनोळीकडून येणाऱ्या बसमधून भाचरे उतरत. एखाद्या वर्षी बहिणीच्या घरची बैलगाडीच येई, आणि तिच्यात भावंडांच्या जोडीला फणसही असत. भाताच्या पिंजरात रायवळ आंब्यांची अढी घातलेली असे. तिच्यात हात घालून पिकलेला आंबा डोळे मिटून नेमका कोण काढतो, याच्या पैजा लागत. रात्री सोप्यापासून परड्यापर्यंत अंथरुणे पडत, आणि कोणी कोणाशेजारी निजायचे यावरून रोज नवा तंटा. चार आठवडे म्हणजे काही थोडे नव्हेत असे वाचकांना वाटेल. पण त्यांतला एक रविवार लग्नात जाई. एक बहिणीच्या सासरच्यांसाठी राखावा लागे. त्या दिवशी उलट आम्ही पलीकडे जायचे, देवरवाडीच्या वैजनाथाला सगळ्यांनी मिळून चढायचे आणि देवळाच्या सावलीत डबे सोडायचे. वैशाख शुद्ध द्वितीयेला बेळगावची शिवजयंती. पलीकडची सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला होऊन गेलेली असते, पण बेळगावने आपली तिथी सोडलेली नाही. तिच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चाले. आसपासच्या गावांतून ट्रक भरभरून माणसे शहरात येत. आम्ही एखाद्या ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर जागा धरून बसत असू. पहाटेच्या सुमारास शेवटचा रथ येई तेव्हा धाकटी मंडळी आडवी झालेली असत. पलीकडच्या भाचरांना हा सोहळा पाहायला मिळे तो तिथी मे महिन्यात आली तर. एप्रिलमध्ये आली, की ती बिचारी परीक्षेचा अभ्यास करीत.

येथे रविवाराबद्दल थोडे सांगायला हवे. आठवड्याच्या सुट्टीचा वार म्हणून रविवार आपल्याकडे तसा अलीकडचा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मोकळा हवा, असेही त्यांनी मांडल्याचे सांगतात. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना १९८५ पासून शनिवारही मोकळा झाला; बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला. शेतकऱ्याच्या घरात मात्र सुट्टी ठरे ती बैलांवरून आणि देवीवरून. सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवायचे नाही. गावाने देवीचे वार पाळायचे ठरवले की त्या वारी शेतात पाऊल टाकायचे नाही. उचगावात तर मळेकरणी देवीचे मंगळवार आणि शुक्रवार.

मळेकरणीचे स्थान आमराईत आहे. मोठमोठ्या आंब्यांची गर्द सावली आणि उन्हाळ्यातही अंगाला लागणारा गारवा. या दोन वारी बेळगाव शहरातून, खानापूर-चंदगडकडून, गोव्याहूनसुद्धा माणसे येत आली आहेत. नवस फेडणारी मंडळी कोंबडे-बकरे घेऊन येत. तीन दगडांच्या चुली मांडल्या जात आणि झाडाझाडाखाली एकेका कुटुंबाची पंगत बसे. देवालयाच्या आवारात पशुबळी देण्यास मनाई करणारा कायदा या राज्यात १९५९ पासूनचा आहे, आणि प्रथेविषयी गावातही दोन मते आहेत. मला आठवते ती आमराईतली पंगत. इथे स्वयंपाकाला पुरुष बसत. घरी तांब्या उचलून पाणी न घेणारे माझे चुलते आमराईत मात्र डोक्याला पंचा गुंडाळून रश्शाला फोडणी देत आणि बायका झाडाच्या बुंध्याला टेकून गप्पा मारीत. वर्षातून एवढाच दिवस आईला मी आयते जेवताना पाहिले. शिवाय पंगत आपल्यापुरती राहत नसे. शेजारच्या झाडाखाली कोण बसले आहे हे ठाऊक नसले, तरी त्यांच्याकडून वाटी येई आणि ती रिकामी परत करायची नाही एवढे लहान मुलालाही कळे. एका वर्षी अशा वाटीच्या देवघेवीतून माझ्या आत्तेबहिणीचे लग्न जमले. यात अतिशयोक्ती नाही.

मंगळवार-शुक्रवार पाळणे शेती करणाऱ्याला जमे, दुकानदारालाही जमे. पगारदाराला ते जमत नाही. उचगावच्या घरातली पुढची पिढी आज बेळगावच्या कारखान्यांत आहे, पुण्यात आहे, बंगळूरला आहे. ती येते ती शुक्रवारी रात्रीच्या गाडीने, पहाटे पोचते आणि रविवारी रात्री परत फिरते. दोन दिवसांत आईला डोळे भरून पाहायचे, दुरुस्तीला आलेले छप्पर पाहायचे, बँकेचे काम करायचे तर शनिवार नेमका दुसरा किंवा चौथा निघतो. मुलांच्या शाळा निराळ्या मंडळांच्या. त्यांच्या सुट्ट्यांचे गणित तर तिसरेच. आमराईत आता शनिवार-रविवारीही कुटुंबे दिसतात. पण बहुधा एकाच घरातली. डबे बांधून आणलेले, सतरंजी अंथरलेली. शेजारच्या झाडाखाली वाटी जाईल अशी रीत देवीच्या वाराला होती, ती रविवाराला अजून लागलेली नाही. कदाचित लागेलही, रिती काही आकाशातून पडत नाहीत, कोणीतरी पहिली वाटी द्यावी लागते. जाताना पत्रावळींऐवजी उरलेल्या थर्मोकोलच्या ताटल्या तिथेच टाकून जाण्याची रीत मात्र फार लवकर लागली.

सुट्टीच्या वेळापत्रकाचे तरी काही करता येणार नाही का, असे मी एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांना विचारले. ते हसले. पण मला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. महाराष्ट्रातच विदर्भाच्या शाळा तिथल्या उन्हामुळे इतरांहून उशिरा, जून संपत आला असताना सुरू होतात. म्हणजे एका राज्यात दोन वेळापत्रके नांदू शकतात. त्यासाठी कारण मात्र पटण्यासारखे हवे. चंदगडच्या शाळा आठ-दहा दिवस आधी सुटल्या आणि तितक्याच आधी भरल्या, किंवा बेळगाव-खानापूरच्या शाळा थोड्या उशिरा सुटल्या, तर कोणाचे काय बिघडेल? अडचण आहे ती दुसरीच. उन्हाचा आकडा मांडता येतो. भावंडांची ओढ कोणत्या रकान्यात भरायची? आणि ही ओढही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. फोनवर रोज तोंडे दिसतात. पण एकमेकांची तोंडे दिसणे आणि एका अढीत हात घालून आंब्यावरून भांडणे यांत फरक आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाठीमागे जमिनीची वाटणी, देवाचा खर्च, म्हाताऱ्या माणसाचे दुखणेखुपणे ही ज्यांना मिळून निभवायची आहेत, त्यांचे आधी एकदा पुरते भांडण झालेले बरे असते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वळवाच्या एक-दोन सरी झालेल्या असत आणि चुलत्यांचे लक्ष पाहुण्यांवरून उडून आभाळाकडे लागे. आमच्या भागात भाताची धूळवाफ पेरणी करतात. पावसाळा सुरू होण्याआधी, कोरड्या भुसभुशीत मातीत कुरीने बी टाकायचे आणि मृगाच्या पावसाची वाट पाहायची. नांगरट, ढेकळे फोडणे, कुळवणे यांची एकच गर्दी उडे. शेवटच्या रविवारी घरात माणसे खूप असत, पण पाहुणा असा कोणी उरत नसे. बहिणीच्या यजमानांनाही बैलांमागे जावे लागे. ते आपल्या शेताची पेरणी आधी उरकून आलेले असत, किंवा इथली उरकून तिकडे जात. सोमवारी बैलांना विसावा म्हणून त्या दिवशी मात्र सगळे पुन्हा सोप्यावर. तेवढा एक सोमवार आम्हांला रविवारापेक्षा मोठा वाटे.

मग उचगावची शाळा भरे. बहिणीच्या मुलाची सुट्टी मात्र अजून दोन आठवडे बाकी असे, आणि मामाचे घर सोडायला तो तयार नसे. घरात त्याच्या वयाचे कोणी नाही, मोठी माणसे शेतात. सकाळी मामेभाऊ दप्तर घेऊन निघाला की हाही मागोमाग. एका वर्षी तो असा सलग पाच दिवस उचगावच्या शाळेत गेला. दोघांची मराठीची पुस्तके वेगळी. याच्या पुस्तकातली कविता त्याच्या पुस्तकात नव्हती, यावरून मधल्या सुट्टीत वाद झाला. कन्नडच्या तासाला तो भावाच्या पाटीवरची वळणदार अक्षरे पाहून पाहून गिरवीत बसला आणि चौथ्या दिवशी त्याने स्वतःचे नाव कन्नडमध्ये लिहून दाखवले. मास्तरांनी त्याचे नाव हजेरीत घातले नाही. मागच्या बाकावर बसू दिले, आणि पाढे म्हणायची पाळी आली तेव्हा त्यालाही उभे करून सतराचा पाढा म्हणवून घेतला.