पाटा एका खड्ड्याने तुटत नाही



उसाने भरलेली गाडी रस्त्यात बसली, की आपण म्हणतो, "खड्डा लागला अन् पाटा तुटला." पण तुटलेल्या पाट्याचे तोंड नीट पाहा. बहुधा त्याचा काही भाग काळपट, गुळगुळीत दिसतो आणि उरलेला चकचकीत, खरबरीत. काळपट भाग ही जुनी चीर. आज तुटला तो फक्त चकचकीत भाग. खड्डा निमित्तमात्र!

एका धक्क्याने न तुटणारे पोलादही वारंवार वाकवले की थकते. तार हाताने मागे-पुढे वाकवून आपण तोडतो, तोच हा प्रकार. जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याने १८६० च्या सुमारास रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. आपल्याकडे वाहनांच्या भागांची तपासणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत होते. ती १९६६ साली स्थापन झाली. अशा तपासणीत पाटे यंत्रात आवळून हजारो वेळा दाबतात व सोडतात. मोटारीच्या स्प्रिंगांचीही परीक्षा अशीच.

त्यातला आपल्या कामाचा नियम असा : भार सव्वापट केला, तर पाट्याचे आयुष्य बहुधा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. आपल्या जामनेर-पहूर भागात काळ्या जमिनीवरचे रस्ते फुगतात, खचतात. जादा भरलेल्या गाडीचा प्रत्येक हेलकावा त्या आयुष्यातून वजा होतो.

म्हणून हंगामापूर्वी एवढे कराच :

१) यू-बोल्ट आवळा. ते ढिले असले, की पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी वाकतो व तिथेच तुटतो. नवे पाटे बसवल्यास चार-दोन खेपांनंतर पुन्हा आवळा.

२) पाटे धुऊन कडेने चिरा पाहा. भाराने पाट्याची वरची बाजू ताणली जाते. चीर बहुधा तिथून सुरू होते.

३) तुटलेला पाटा वेल्डिंग करून चालवू नका. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि जोडाजवळ ते ठिसूळ होते.

४) जादा पाटा घालून जादा ऊस भरू नका. त्याने आस, टायर आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही.

तोडलेला ऊस २४ तासांत गाळला जावा. रस्त्यात अडकला, तर वजन घटते, उतारा घसरतो, तोटा आपलाच. अन् गाडी कलंडून माणूस दगावला, तर ती भरपाई कोणत्याच बिलात निघत नाही.

— ऊस विकास अधिकारी