मरीआईचा गाडा आणि बाबांचा खराटा

अंजनगाव सुर्जी म्हटलं की कुणाला पानपिंपळी आठवते, कुणाला केळीच्या बागा. मला आठवतं याच तालुक्यातलं शेंडगाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी तिथं डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मला. तेच आपले गाडगेबाबा!

त्या काळी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली की घरंच्या घरं ओस पडायची. लोक म्हणायचे, देवी मरीआई कोपली! मग बकरं कापायचं, आईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. रोग गेला म्हणे! पण उघड्यावरची घाण पावसात वाहत विहिरीला मिळायची, आणि तेच पाणी घागरीतून घरोघरी जायचं.

डेबूजी आठ वर्षांचा होता तेव्हा, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ कोलकात्यात पटकीचा माग काढत होता. रोग्यांच्या आतड्यात त्याला स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला. लोक ज्या तळ्याचं पाणी पीत, तिथंही तोच! केवढा असतो हा? एका मिलिमीटरात सुमारे ५०० जंतू एकापुढे एक मावतील. आता सांगा, पाण्यात लपलेला हा पाहुणा गाड्यात बसून शिवेबाहेर जाईल कसा?

डेबूजीला शाळा मिळाली नाही. पण रीत आहे म्हणून मान डोलवायची, हे त्याला पटायचं नाही. लेकीच्या बारशाला दारू-मटणाची चाल मोडून त्यानं गोडाचं जेवण दिलं. भाऊबंद चिडले, तरी तो हटला नाही.

पुढे गाडगेबाबा म्हणून गावोगाव फिरताना ते आधी खराट्यानं गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तन कसलं, प्रश्नांची सरबत्तीच! दिवा नसेल तर देवळातला देव दिसेल का? जो सगळ्यांना जेवू घालतो, त्याला तुमचं बकरं कशाला हवं? उत्तर ते स्वतः देत नसत, समोरच्यांकडूनच वदवून घेत. मला तर हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. तोंडात ‘गोपाला गोपाला’ असायचं, पण नवस आणि बळी यांना मात्र माफी नव्हती.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. घरच्यांना सांगून नक्की ऐका, आणि बाबांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तुम्हीही मोठ्यानं द्या!