मोबाइलची कीर्द, वहीची खतावणी

पूर्वी पेढीवर दोन वह्या असत. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरत आणि तेथून खातेनिहाय खतावणीत जात. घरच्या व्यवहारासाठी आज मोबाइल ही उत्तम कीर्द आहे. विजेचे बिल, विम्याचा हप्ता, मुदत ठेवीची तारीख यांचे स्मरण तो वेळेवर करून देतो. या कामी वहीने त्याच्याशी स्पर्धा करू नये.

परंतु घरातील कर्त्या व्यक्तीचे अचानक निधन झाले, की तोच मोबाइल कुलूपबंद पेटी ठरतो. ठेवीची पावती आता कागदावर येतेच असे नाही. ई-मेलवर आलेली पावती पत्नीला वा मुलांना दिसावी कशी? १० वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. त्यानंतरही वारसांना बँकेकडे अर्ज करून ती मागता येते. २०२३ पासून ‘उद्गम’ संकेतस्थळावर अशा ठेवींचा शोधही घेता येतो. पण शोधण्यासारखे काही आहे, हे आधी ठाऊक तर हवे!

म्हणून खतावणी कागदाचीच असावी. जाड पुठ्ठ्याची एक वही, प्रत्येक बँकेस एक पान. त्यावर शाखा, खातेक्रमांक, ठेवीची मुदत, नामनिर्देशन कोणाचे आणि लॉकर असल्यास त्याची नोंद. पासवर्ड व पिन मात्र तीत चुकूनही लिहू नयेत. दिवाळीत वहीपूजनाच्या निमित्ताने मोबाइल शेजारी ठेवून नोंदी ताडून पाहाव्यात, मोडलेल्या ठेवींवर रेघ ओढावी आणि वही कोणत्या कपाटात असते, हे घरातील दोघांना तरी दाखवून ठेवावे.