पाटीवर नसलेली भाकर

वणीहून निघालेली एसटी मुकुटबनला थांबते, तेव्हा उन्हं डोक्यावर आलेली असतात आणि भूक लागलेली असते. चौकातल्या भोजनालयाच्या पाटीवर डाळ फ्राय, आलू-मटर, शेवभाजी, रोटी, राइस असतं. हीच पाटी नागपूर-हैदराबाद महामार्गावर कुठेही दिसेल. पहिल्या फेरीत मी पाटी वाचली आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, "भाऊ, भाकर भेटन का?" तो ओशाळला. "भाकर तं घरी असते जी. इथं कोन मागते?"

हा लेख त्या उत्तरातून सुरू झाला. ज्या मुलुखात पिढ्यान् पिढ्या ज्वारीवर पोट भरलं, तिथे वाटसरूला ज्वारीची भाकर विकत का मिळू नये? आणि मिळवायचीच असेल, तर कुठे, केव्हा आणि कशी मागावी?

दोन राज्यांच्या काठावर

मुकुटबन यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यात आहे. मुंबईहून पाहिलं तर हा राज्याच्या पूर्वेकडचा एक लांबचा कोपरा. हैदराबादहून पाहिलं तर ही उत्तरेची वेस. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हापासून पैनगंगेच्या एका काठावर इंग्रजी अंमल आणि दुसऱ्या काठावर निजामशाही असा कारभार चालला. या जिल्ह्याला पुढे वणी जिल्हा म्हणत. 1905 मध्ये त्याचं नाव यवतमाळ झालं. आज नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा आहे. माजरी-आदिलाबाद लोहमार्गावर मुकुटबन स्थानक आहे, पण गाड्या मोजक्या. जेवणासाठी स्थानकावर विसंबता येत नाही.

राज्याची सीमा ताटात मात्र सापडत नाही. आपली ज्वारीची भाकर पलीकडे 'जोन्न रोट्टे' होते. आपली अंबाडी पलीकडे 'पुंटीकूर' होते. वरण 'पप्पू' होतं. तेल, लसूण आणि तिखटाचा हात दोन्हीकडे सारखाच सैल. सकाळच्या पोह्यांशेजारी इडली-डोसा दिसला, तर ती नवी फॅशन समजू नये. या भागात तेलुगू बोलणारी घरं जुनी आहेत. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चारही भाषा इथल्या बाजारात कानावर पडतात.

आधी लोक कुठे जेवत?

हॉटेल ही इथली अलीकडची गोष्ट. पूर्वी प्रवासी शिदोरी घेऊन निघे. भाकर, ठेचा, कांदा. लांबचा पल्ला असेल तर दुधात मळलेली दशमी, कारण ती दोन-तीन दिवस टिकते. धान्य आणि मीठ वाहणारे बंजारा तांडे मुक्कामाला तीन दगडांची चूल मांडत. गोरा साहेब दौऱ्यावर आला की त्याच्यासोबत खानसामा आणि तंबू असे. 1908 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही ज्वारी हेच लोकांचं मुख्य अन्न म्हणून येतं.

शिदोरीमागे आणखी एक कारण होतं, ते सांगितलंच पाहिजे. वाटेत कुठे जेवायचं हा प्रश्न फक्त अंतराचा नव्हता. कोणाच्या हातचं कोण खाणार, कोणाला ओसरीवर बसवणार आणि कोणाला अंगणाबाहेर, हे जातीने ठरलेलं होतं. पैसे देऊन कोणीही बाकावर बसावं ही खानावळीची रीत म्हणूनच साधी नव्हती. याच वऱ्हाडातल्या शेंडगावला 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी धर्मशाळा आणि अन्नदान हे आयुष्यभराचं काम मानलं. भुकेल्याला जेवू घालताना जात विचारू नये, हा त्यांच्या कामाचा गाभा होता.

भाकर पाटीवरून कशी गेली

1964 मध्ये सीएसएच-1 हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. 'हायब्रीड'ने पोती भरली. पण भाकरीची चव गेली ही तक्रार गावोगाव ऐकू येते. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी 'मिलो' ज्वारी रेशनवर आली आणि ज्वारीला गरिबीचा शिक्का बसला. पुढे सोयाबीन आलं. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. रोख पैसा देणाऱ्या पिकांनी वावरं व्यापली. उरलेल्या ज्वारीवर पाखरं आणि रानडुकरं तुटून पडतात, राखणीला माणूस मिळत नाही, म्हणून तीही सुटत गेली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर घरातही पोळी-भात वाढला.

सरकारने भाकर विकत मिळावी म्हणून एकदा प्रयत्न केला. 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर योजना आली. ती टिकली नाही. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तिच्यात दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. पंचवीस वर्षांत सरकारी ताटातलीही भाकर जाऊन चपाती आली, आणि कोणाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं, तेव्हा शहरातल्या मॉलमध्ये ज्वारीची बिस्किटं आली. इथल्या पाटीवर काही फरक पडला नाही.

मुकुटबनचा चौकही बदलला आहे. या पट्ट्यात कोळसा आहे, चुनखडी आहे. 2022 मध्ये बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना इथे सुरू झाला. बाहेरगावचे कामगार, ट्रकचालक यांना ओळखीचं जेवण लागतं. घरापासून दूर राबणाऱ्याला गरम रोटी-डाळ मिळावी हे योग्यच आहे. पण पाटी त्यांच्यासाठी लिहिली जाते आणि गावाचं जेवण तिच्यामागे राहतं.

मग खायचं काय, आणि कधी?

सकाळी पोहे खावेत. विदर्भातले पोहे तर्रीशिवाय पुरे होत नाहीत. वर चण्याची झणझणीत तर्री ओतून घ्यावी. बटाटेवडा मागू नये, आलुबोंडा म्हणावं. कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि झुणक्याला बेसन. भाजीवाली सांबार पुढे करते तेव्हा ती इडलीसोबतचं सांबार देत नसते, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

पावसाळ्यात आलात, तर बाजाराच्या दिवशी या. तरोट्याची कोवळी पानं, कटवलं, आणि जोरदार पावसानंतर वारुळांवर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे अळिंबी, जंगलाकाठच्या बाया टोपलीतून आणतात. तालुक्यात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिवासी समाजांपैकी कोलाम एक. बांबूचं काम आणि जंगलाची ओळख हे त्यांचं पिढीजात ज्ञान. सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत आदिलाबादकडे असताना गोंडी आणि कोलामी शिकले होते. एक मराठी इतिहासकार या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायला बसला, हे मला फार मोलाचं वाटतं. आपण निदान भाजीचं नाव विकणारीच्या तोंडून ऐकून घ्यावं, आणि भाव पाडू नये.

दिवाळीनंतर अंबाडीची लाल बोंडं आणि तुरीच्या शेंगांचे सोले येतात. सोल्यांची भाजी भाकरीसोबतच खावी. जिथे ज्वारी उरली आहे, तिथे थंडीत हुरडा. उन्हाळ्यात मोहफुलं आणि टेंभरं. देवळाचा महाप्रसाद असेल तर रोडगे: गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. त्या पंगतीत अनोळखी माणसालाही बसवतात.

आणि अंबाडीची भाकर. शिजवून घोटलेली आंबट पानं ज्वारीच्या पिठात मळतात, हातावर थापतात, तव्यावर टाकतात. वर जवसाची चटणी, चटणीत खड्डा करून कच्चं तेल. दुसऱ्या फेरीत मी ती एका घरी जेवलो. त्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "सांगून ठेवलं तं करतो न भाऊ. पीठ ताजं लागते, पानं तोडून आना लागते." भाकर थंड झाली की कडक होते, दोन दिवसांच्या पिठाची तुटते, आणि थापणारा सराईत हात लागतो. तंदुरी रोटीचा गोळा फ्रिजमध्ये राहतो. भाकरीचा राहत नाही. पाटीवर ती नसण्याचं एक कारण हे असं साधं, चुलीजवळचं आहे.

पाण्याबद्दल एक सावधगिरी. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. पाहुण्याने सोबत पाणी ठेवावं. पण जे इथेच राहतात त्यांच्या हाडा-दातांचा प्रश्न बाटलीने सुटत नाही, हे घोट घेताना आठवावं.

मागणाऱ्याचं काम

मुकुटबनला जाणाऱ्याला माझं सांगणं थोडकं आहे. रात्री आठनंतर काही मिळेल या भरवशावर राहू नका. सकाळी उतरल्या उतरल्या भोजनालयात किंवा बचत गटाच्या बायांकडे दुपारच्या भाकरीचं सांगून ठेवा. पाहुणचार म्हणून फुकट जेवू नका. रोटी-पनीरला मोजता तेवढे पैसे भाकर-बेसनालाही मोजा. ज्वारी पेरणाऱ्याला, पानं खुडणारीला आणि थापणारीला त्यातलं काही पोहोचतं तेव्हाच ज्वारीचं तास वावरात टिकतं.

तिसऱ्या फेरीत मी त्याच चौकातल्या भोजनालयात गेलो. पाटी तीच होती. पण गल्ल्यावरच्या भाऊंनी ओळखलं आणि मी काही बोलायच्या आत आतल्या बाजूला हाक दिली, "भाकरवाले पाहुणे आले. किती टाकू म्हनून विचारा."