अल्झायमर एकाला होतो, झिजतं अख्खं घर. धावड्यासारख्या गावात त्या घराला आधार कोण देणार?

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी अंगवळणी पडलीये की घरातलं म्हातारं माणूस एकच प्रश्न दहा वेळा विचारू लागलं तरी कुणाला वावगं वाटत नाही. वय झालं, चालायचंच. मग एक दिवस ते माणूस शेताकडे म्हणून निघतं आणि रोजची पायाखालची वाट चुकतं. नातवाला भावाच्या नावाने हाक मारतं. जेवून हात धुतल्यावर अर्ध्या तासाने शेजारी जाऊन सांगतं, "मला सकाळपासून कुणी जेवायला दिलं नाही."

शेजाऱ्यांना ते खरं वाटतं. त्या घराचे हाल खरे इथून सुरू होतात.

विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी गोव्यात लोकांशी बोलून एक अभ्यास केला होता. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची लक्षणं लोकांना बरोबर ओळखता येत होती. पण हा आजार आहे, डॉक्टरकडे जावं, असं त्यांना वाटत नव्हतं. कारण म्हणून काय सांगितलं जायचं? एक तर म्हातारपण, नाहीतर मुलांनी केलेली आबाळ. मुलं माया करत नाहीत, म्हणून म्हाताऱ्याचं असं झालं.

म्हणजे जी सून दिवसातून चार वेळा कपडे बदलते, रात्री दोनदा उठून दाराची कडी तपासते, तिच्याकडेच गाव बोट दाखवणार. मग असं घर हळूहळू दार लावून घेतं. पाहुण्यांना बोलावणं बंद होतं, लग्नकार्याला एकजण मागे राहतो आणि हा एकजण बहुतेक वेळा बाईच असते.

नेमकं होतं काय?

१९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी आपल्या एका दिवंगत रुग्ण महिलेच्या मेंदूत दिसलेले बदल डॉक्टरांच्या सभेत मांडले. पुढे आजाराला त्यांचंच नाव मिळालं. यात मेंदूच्या पेशींभोवती आणि पेशींच्या आत चुकीची प्रथिनं साचतात आणि पेशी मरत जातात. आधी ताजी आठवण जाते, जुनी टिकते. म्हणून सकाळचं जेवण आठवत नाही, पण १९७२ चा दुष्काळ तारीखवार आठवतो. घरच्यांना यात सोंग दिसतं. ते सोंग नसतं.

स्मृतिभ्रंश हे लक्षणांच्या समूहाचं नाव आहे आणि अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. पण विसरभोळेपणाचं मूळ दर वेळी अल्झायमरच असतं असं नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, काही गोळ्यांचा परिणाम, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त यांमुळेही माणूस तसाच वागू शकतो आणि यातली बरीच कारणं उपचाराने सुधारतात. त्यामुळे एकदा तपासणी करणं गरजेचंच.

गावात असे किती जण असतील?

देशभरच्या एका मोठ्या पाहणीतून २०२३ साली आलेला अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या १०० पैकी साधारण ७ ते ८ जणांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण आकडा ८८ लाखांच्या आसपास. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये प्रमाण जास्त.

आता पाच हजार वस्तीचं गाव धरा. साठीपुढचे दहा टक्के म्हणजे ५०० माणसं. या हिशोबाने त्यातल्या ३५ ते ४० जणांना हा त्रास असू शकतो. म्हणजे तितकीच घरं. पण गावात विचाराल तर दोन-तीन नावंच कानावर येतील, बाकीची 'म्हातारं झालंय' या खात्यात जमा.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं धावडा हे मिरचीच्या पट्ट्यातलं गाव. तोडणी सुरू झाली की घरातले सगळे हात रानात लागतात. अशा वेळी ज्या घरात एका माणसावर चोवीस तास नजर ठेवावी लागते, तिथे एकाची मजुरी बुडतेच. मेंदूविकाराचे डॉक्टर गाठायचे तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगर. जायला-यायला पूर्ण दिवस, तोही अनोळखी गर्दीत घाबरणाऱ्या माणसाला सोबत घेऊन. मुंबई-पुण्यात दिवसभराची काळजी केंद्रं, मदत गट आहेत. गावाकडे हे सगळं घरालाच करावं लागतं.

गोव्यात करून पाहिलेली गोष्ट

गोव्यातल्याच दुसऱ्या एका प्रयोगातून यावर वाट दिसते. 'टेन-सिक्स्टीसिक्स' नावाचा संशोधकांचा एक गट आहे. नावामागचं कारण असं, की स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण गरीब आणि विकसनशील देशांत होते, पण त्यांच्यावर होणारं संशोधन १० टक्क्यांहून कमी. या गटाशी जोडलेले डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला लगेच घरपोच मदत मिळाली, दुसऱ्याला सहा महिन्यांनंतर.

मदतीला कोण गेलं? डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. स्थानिक भाषा येणारी, शक्यतो बारावीपर्यंत शिकलेली आणि कामाची ओढ असलेली माणसं. त्यांना आठवडाभराचं प्रशिक्षण दिलं. पाठीशी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक. निदान पंधरा दिवसांतून एकदा ते घरी जात आणि हा आजार आहे हे समजावून सांगत. चिडचिड, भटकणं, रात्रीची जाग यांना कसं तोंड द्यायचं ते दाखवत. गरज असेल तिथे डॉक्टरांशी गाठ घालून देत, सरकारी योजनांची माहिती देत, अशीच दुसरी कुटुंबं जोडून देत.

२००८ साली निकाल आले. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णाच्या वागण्यात मात्र ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता आणि त्या काळात १८ रुग्ण दगावलेही. तरी सांभाळणारा माणूस कोलमडला नाही, तर रुग्णाचे पुढचे दिवस बरे जातात. त्यामुळे हा निकाल लहान म्हणता येत नाही.

धावड्यात हे जमेल का?

माणसं आधीच आहेत. आशाताई प्रत्येक गावात आहेत. २०१५ मध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आणला, त्यात जालनाही होता. तेव्हा आशाताईंनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल विचारलं होतं. म्हणजे मनाच्या आजाराबद्दल दारात जाऊन बोलता येतं हे इथे आधीच झालेलं आहे. प्रश्न त्यांच्यावर आणखी एक काम लादण्याचा आहे. आशाताईंच्या मानधनाची ओरड नवी नाही. नवं काम द्यायचं तर त्याचे पैसेही द्यावे लागतील.

सरकार हलेपर्यंत शेजारी काय करू शकतात, ते मात्र बिनखर्चाचं आहे. बचत गटातल्या बायकांनी आळीपाळीने आठवड्यातून दोन तास त्या घरी बसलं, तरी सुनेला बँकेचं काम उरकता येतं किंवा नुसतं झोपता येतं. किराणा दुकानदार, पानटपरी, एसटीचे वाहक, देवळातले लोक यांना आधीच सांगून ठेवलं, तर आजोबा एकटे बसमध्ये चढताना कुणीतरी हात धरतं. सदऱ्याच्या आतल्या बाजूला नाव आणि फोन नंबर शिवून ठेवायचा. बोलताना वाद घालायचा नाही. "अहो, तुमचे वडील जाऊन वीस वर्षं झाली" असं सांगितलं तर त्या माणसाला ते आजच गेल्यासारखं दुःख होतं. भजनी मंडळात नेत राहायचं. अनेकांना बोलणं सुचेनासं झालं तरी पाठ असलेले अभंग बराच काळ म्हणता येतात.

एरवी कमी बोलला जाणारा विषय म्हणजे अंगठा. सातबारा म्हाताऱ्याच्या नावावर आणि म्हाताऱ्याला तारीख आठवत नाही, अशा घरांवर डोळा ठेवणारे असतात. कधी ते घरातलेच असतात. आपण काय करतोय हे समजण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाने केलेला करार १८७२ च्या करार कायद्यानुसार टिकत नाही. पण ते कोर्टात सिद्ध करण्यात वर्षं जातात. म्हणून निदान झाल्या झाल्या, माणसाला समजतंय तोवर, चार नातेवाइकांसमोर त्याची इच्छा विचारून कागद करून घेणं शहाणपणाचं.

अख्ख्या देशाने शेजाऱ्यांना शिकवलं

जपानने २००४ साली स्मृतिभ्रंशासाठी वापरला जाणारा अपमानकारक शब्द सरकारी भाषेतून काढला. २००५ पासून साध्या नागरिकांसाठी साधारण दीड तासाचे वर्ग सुरू केले. दुकानदार, बँक कर्मचारी, शाळकरी मुलं असे एक कोटीहून जास्त लोक त्यातून गेले. आपल्याकडे मात्र 'वेड लागलंय', 'भ्रमिष्ट झालाय' हेच शब्द चालतात.

याउलट, पडद्यावर मराठीने हे फार हळुवारपणे दाखवलंय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ सालच्या चित्रपटात संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक एका हत्तीमागे चालत हरवतात आणि माहुताची बायको त्यांना आईसारखं सांभाळते. प्राध्यापकाची भूमिका मोहन आगाशे यांची, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला आजाराचं नावही ठाऊक नसतं.

फोन कुठे करायचा?

मानसिक आरोग्यासाठी 'टेली मानस'चा क्रमांक १४४१६. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. दोन्ही मोफत. सांभाळणाऱ्यालाच रडू येत असेल, झोप लागत नसेल, तरीही पहिल्या क्रमांकावर बोलता येतं. डॉक्टरकडे जाताना विसरणं कधीपासून सुरू झालं, हळूहळू वाढलं की अचानक, कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि मध्ये कधी पडले होते का, एवढं कागदावर लिहून न्या. आणि गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला असेल तर तारखेची वाट बघू नका. लघवीचा संसर्ग, ताप किंवा साखर खाली जाणं यामुळेही तसं होतं आणि त्यावर त्याच दिवशी उपचार लागतात.