कामापुरते इंग्रजी, पण कोणाच्या कामाचे?

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही बारावी झालेला मुलगा स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे भरतो आणि ‘मे आय कम इन, सर?’पासून पुन्हा सुरुवात करतो. त्याला हॉटेलच्या रिसेप्शनवर बसायचे आहे की जहाजावर चढायचे आहे, हे फॉर्मवर सहसा कोणी विचारत नाही.

हाच प्रश्न आधी विचारणाऱ्या अध्यापनशाखेला ‘इंग्लिश फॉर स्पेसिफिक पर्पजेस’ किंवा ईएसपी म्हणतात. जॉन मन्बी यांनी 1978 मध्ये गरजा नोंदवण्याचा असा बारीक आराखडा मांडला की तो भरतानाच शिक्षकाची दमछाक व्हावी. हचिन्सन आणि वॉटर्स यांनी 1987 मध्ये सोपी विभागणी केली: कामाला काय लागते, विद्यार्थ्याला काय येत नाही आणि त्याला स्वतःला काय हवे आहे. या तिन्हींची उत्तरे एक नसतात, खरी गंमत तिथेच आहे.

जहाजाचेच बघा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये संभाषणाची ठरावीक वाक्ये मंजूर केली. त्यांत ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ टाळायला सांगितले आहे. ‘मे आय एंटर द फेअरवे?’ (जलमार्गात शिरू का?) म्हणायचे नाही. आधी ‘क्वेश्चन’ असे सांगायचे आणि मग विचारायचे, ‘डू आय हॅव परमिशन टु एंटर द फेअरवे?’ खरखरत्या व्हीएचएफ रेडिओवर एवढेसे ‘मे आय’ विरून गेले, तर विचारणा आहे की आपण निघालोच आहोत, हे समोरच्याला कळायचे कसे? क्लासमधला पहिला शिष्टाचार समुद्रावर असा अडचणीचा ठरतो.

विमानाच्या बाबतीत भाषेच्या गोंधळाची किंमत फार मोठी पडली. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 माणसे गेली. कझाक विमानाला 15,000 फुटांवर थांबायचे होते, ते त्याखाली उतरले. दिल्लीच्या नियंत्रकाशी कझाक विमानाचा रेडिओ ऑपरेटर बोलत होता, विमान दुसराच चालवत होता. कझाक वैमानिकांचे तोकडे इंग्रजी चौकशीत कारणांमध्ये नोंदले गेले.

मग ठरावीक वाक्ये घोटून घेतली की झाले? नाही. 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाचे एव्हियांका विमान न्यूयॉर्कजवळ ताटकळत राहिले आणि इंधन संपून कोसळले. वैमानिकांनी प्राधान्य मागितले होते, इंधन संपत आल्याचेही सांगितले होते. ‘इमर्जन्सी’ मात्र जाहीर केली नाही. 73 जण मेले. कोणता शब्द उच्चारला की समोरचा माणूस धावपळ करतो, हे कळणे हाही भाषेचाच भाग आहे आणि तो पाठांतराने येत नाही. म्हणूनच नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निकषांनुसार होणारी चाचणी ठरावीक वाक्यांपुरती थांबत नाही, अनपेक्षित प्रसंगात साधे बोलणे जमते का तेही बघते. उच्चार, रचना, शब्दसंपदा, ओघ, आकलन आणि संवाद या सहांपैकी जिथे सर्वांत कमी श्रेणी, तीच अंतिम धरतात. आपल्याकडच्या सरासरी गुणांच्या सवयीला हे कठोर वाटेल. मला ते रास्त वाटते.

कामाच्या गरजेवर बेतलेला असा अभ्यासक्रम भाषाशिक्षकाला एकट्याने रचता येणार नाही. त्याने कॅप्टनसोबत बसून रेडिओवरचे खरे बोलणे ऐकायला हवे आणि कॅप्टननेही ‘ते आपोआप येते’ म्हणणे सोडायला हवे. आपल्याकडे बहुधा इंग्रजीचा तास एका खोलीत आणि नौकानयनाचा दुसऱ्या खोलीत, असेच चालते. मधल्या सुट्टीत दोघे चहाला भेटतात तेवढेच.