डिजिटल दस्तऐवजांची सुरक्षा : कुलूप आणि किल्ली

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना कायदेशीर मान्यता मिळाली. १ जुलै २०१५ रोजी ‘डिजिटल इंडिया’ कार्यक्रमाचा प्रारंभ झाल्यानंतर प्रमाणपत्रे, कर-विवरणे व ओळखपत्रे नागरिकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर पीडीएफ स्वरूपात येऊ लागली. कागद चोरीला गेला तर तो जागेवरून नाहीसा होतो. डिजिटल दस्तऐवजाची मात्र नक्कल होते आणि मूळ प्रत जागच्या जागी राहते. त्यामुळे चोरी झाल्याचे अनेकदा कळतही नाही. पासवर्डच्या संरक्षणाचे महत्त्व येथेच आहे.

दोन प्रकारचे पासवर्ड

पीडीएफ दस्तऐवजास दोन प्रकारचे पासवर्ड देता येतात. पहिला दस्तऐवज उघडण्यासाठी असतो. त्यापासून तयार होणाऱ्या किल्लीच्या साहाय्याने संपूर्ण मजकूर कूटबद्ध केला जातो. यासाठी आज प्रचलित असलेली ‘एईएस’ ही पद्धती जोन डेमेन व व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियन तज्ज्ञांनी विकसित केली आणि २००१ मध्ये अमेरिकेने ती मानक म्हणून स्वीकारली. दुसरा पासवर्ड केवळ छपाई, नक्कल वा फेरफार यांवर निर्बंध घालतो. हे निर्बंध पाळणे दस्तऐवज उघडणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असल्याने गोपनीयतेसाठी पहिलाच पासवर्ड आवश्यक ठरतो.

पासवर्डचे बळ

कूटपद्धती कितीही भक्कम असली, तरी पासवर्ड दुबळा असेल तर ती निरुपयोगी ठरते. ई-आधारचा पासवर्ड हे याचे बोलके उदाहरण आहे. नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे व जन्मवर्ष असे त्याचे स्वरूप आहे. अक्षरे अज्ञात मानली, तर त्यांच्या ४,५६,९७६ जुळण्या होतात. शंभर जन्मवर्षे धरल्यास शक्यता सुमारे साडेचार कोटी. परंतु नाव माहीत असलेल्या व्यक्तीसाठी त्या केवळ शंभरच उरतात. सोय आणि सुरक्षा यांतील हा व्यवहार आहे : कोट्यवधी नागरिकांना लक्षात राहील असा पासवर्ड परिचितांनाही सहज ओळखता येतो. म्हणून स्वतः कुलूप लावताना नाव, जन्मतारीख वा मोबाईल क्रमांक टाळावा. यादृच्छिक अक्षरांच्या पासवर्डमधील प्रत्येक वाढीव अक्षर शक्यता २६ पट करते. पासवर्ड ज्या ई-मेलने दस्तऐवज पाठवला त्यातच न लिहिता दूरध्वनीसारख्या वेगळ्या मार्गाने कळवावा.

कुलूप काढताना

काही संकेतस्थळांवर पासवर्ड असलेला दस्तऐवज स्वीकारला जात नाही. अशा वेळी पासवर्ड माहीत असल्यास संगणकावरच दस्तऐवज उघडून ‘प्रिंट’ सुविधेतून नवी पीडीएफ प्रत तयार करता येते. मात्र अशा प्रतीत मूळ डिजिटल स्वाक्षरीची पडताळणी होत नाही. म्हणून मूळ प्रत जपून ठेवावी. कुलूप काढून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर दस्तऐवज चढवणे म्हणजे तो पासवर्डसह परक्याच्या सर्व्हरवर सोपवणे होय. सायबर कॅफेत अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याने उघडी प्रत ‘डाउनलोड्स’ व ‘रिसायकल बिन’ या दोन्ही ठिकाणांहून काढून टाकणे अगत्याचे आहे. पासवर्ड विसरल्यास आणि तो बळकट असल्यास मार्ग बहुधा एकच : मूळ संस्थेकडून दस्तऐवज पुन्हा मिळवणे. जेथे पूर्ण आधार क्रमांक अनिवार्य नाही, तेथे पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ वापरता येते.

कायद्याची चौकट

२००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान अधिनियमात समाविष्ट झालेल्या कलम ६६-सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ६९ अन्वये राष्ट्रीय सुरक्षेसारख्या विहित कारणांसाठी कूटबद्ध माहिती उलगडण्याचे निर्देश शासन देऊ शकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न राखणाऱ्या संस्थांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तथापि, दंड होतो तो माहिती फुटल्यानंतर, आणि एकदा पसरलेली नक्कल परत गोळा करता येत नाही. पासवर्ड निवडण्यास लागणारी काही मिनिटे ही म्हणूनच नागरिकाची सर्वांत स्वस्त गुंतवणूक होय.